मूस डोंगरावरील तीन समाज



कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, अमेरिकेच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या भागात, मूस माउंटन नावाची एक डोंगररांग आहे. डोंगर कसला, सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकाडेच वाटावीत. परंतु चहूकडे क्षितिजापर्यंत सपाट गवताळ माळ, आणि त्यात मध्येच ही झाडीने भरलेली, तळ्यांनी नटलेली उंच भूमी. माळावर भटकणाऱ्या माणसाला लाकूड, पाणी, मासे आणि शिकार देणारी ती जागा होती. तेथील एका माथ्यावर दगडांचे एक प्राचीन चक्र आहे. मधोमध दगडांची रास आणि तिच्यापासून निघालेल्या पाच रेषा. युरोपातून पहिला मनुष्य तेथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ती भूमी पवित्र मानली जात होती, याची ती साक्ष होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगराच्या आश्रयाने तीन समूह राहत होते. त्यांची नावे त्यांच्या प्रमुखांवरून पडली होती. पहिला व्हाइट बेअर, म्हणजे 'पांढऱ्या अस्वला'चा, मुख्यतः क्री आणि सोतो लोकांचा. दुसरा फेझंट रंप आणि तिसरा ओशन मॅन, म्हणजे 'समुद्रपुरुषा'चा. हे दोन्ही असिनिबॉइन लोकांचे. तिघांनाही करारान्वये स्वतंत्र भूमी मिळालेली होती. १९०१ साली सरकारने फेझंट रंप आणि ओशन मॅन यांची भूमी काढून घेतली आणि त्या दोन्ही समूहांतील माणसांना व्हाइट बेअरच्या भूमीवर नेऊन बसवले. सरकारी दप्तरात तिघांचे मिळून एक नाव उरले, 'व्हाइट बेअर'.

वरवर पाहता यात गैर काय, असे कोणी विचारील. क्री आणि असिनिबॉइन हे तर जुने मित्र. ते एकत्र आले तर बिघडले कुठे? आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. कारण हे दोन समाज त्यापूर्वी दोनशे वर्षे एकत्रच होते. त्या एकत्र येण्याने ते बलवान झाले होते. १९०१ सालच्या एकत्रीकरणाने मात्र त्यांचे सर्वस्व गेले.

दोन भाषा, एक सोयरीक

ज्यांना युरोपीय लोकांनी कोलंबसच्या चुकीमुळे 'इंडियन' म्हटले, ते सर्व एकाच जातीचे, एकाच भाषेचे लोक होते, असा समज आपल्याकडे चित्रपटांमुळे रूढ झाला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. क्री भाषा अल्गोंक्वियन कुळातील. असिनिबॉइन लोक स्वतःला 'नकोटा' म्हणवतात आणि त्यांची भाषा सू कुळातील. या दोन भाषाकुळांचा परस्परांशी संबंध नाही. मराठी आणि कन्नड यांच्यात जेवढे अंतर, त्याहून हे अंतर कमी नव्हे. 'असिनिबॉइन' हे नावसुद्धा त्यांना शेजारच्या अल्गोंक्वियन भाषिकांनी दिलेले आहे. त्यात 'दगड' असा अर्थ आहे. तापवलेले दगड पाण्यात टाकून अन्न शिजवण्याची त्यांची रीत होती, तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

असिनिबॉइन हे मूळचे सू जमातींच्या विशाल परिवारातील. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते त्या परिवारापासून वेगळे झाले आणि उत्तरेकडील क्री लोकांशी त्यांनी मैत्री केली. भाऊबंदांपासून तुटून परभाषिकांशी सोयरीक करण्याचा हा निर्णय सोपा नसणार. पण तो टिकला. १६७० साली लंडनमध्ये हडसन्स बे कंपनीची स्थापना झाली आणि हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर तिची ठाणी उभी राहिली. बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या कातड्यांना युरोपात मोठी मागणी होती. ही कातडी आतल्या मुलखातून किनाऱ्यावर आणायची आणि बंदुका, लोखंडी भांडी, सुऱ्या, कांबळी आत न्यायची, हा मधला व्यापार क्री आणि असिनिबॉइन यांनी मिळून हाती घेतला. पुढे घोडे आले, बायसनची शिकार वाढली. बायसन म्हणजे आपल्या गव्याची आठवण करून देणारे महाकाय जनावर. त्याच्या मांसाची सुकवलेली पूड आणि चरबी एकत्र करून 'पेमिकन' नावाचा टिकाऊ पदार्थ करीत. व्यापाऱ्यांच्या नौका चालत त्या या शिधेच्या जोरावर.

या युतीला क्री भाषेत एक नाव होते, 'नेहियाव-प्वात'. पहिला शब्द क्रींचा, दुसरा असिनिबॉइनांचा. इतिहासकार तिला 'लोहसंघ' असेही म्हणतात. या संघाला ना राजधानी होती, ना लिखित घटना. तो उभा होता लग्नसंबंधांवर. क्री मुलगी असिनिबॉइनांच्या घरी सून म्हणून जाई, तिची मुले दोन्ही भाषा बोलत आणि दोन्हीकडचे आजोबा-मामा त्यांना आपले मानत. शिकारीला, युद्धाला, धर्मविधीला लोक एकत्र जमत. तरी क्री हा क्रीच राहिला आणि नकोटा हा नकोटाच राहिला. आपली ओळख कायम ठेवून दुसऱ्याशी रक्ताचे नाते जोडण्याची ही रीत होती.

देवीचा फेरा

या संघाला पहिला मोठा धक्का शत्रूने नव्हे, तर रोगाने दिला. १७८० नंतरच्या दोन वर्षांत देवीची साथ माळावर पसरली. त्याहून भीषण साथ १८३७ साली आली. मिसुरी नदीतून वर जाणाऱ्या 'सेंट पीटर्स' नावाच्या वाफेच्या बोटीबरोबर रोग आला आणि फोर्ट युनियन या व्यापारी ठाण्याशी ज्यांचा संबंध होता त्या असिनिबॉइन लोकांत त्याने अक्षरशः संहार केला. निम्म्याहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते.

त्याच वेळी उत्तरेकडील फोर्ट पेली या ठाण्यावर हडसन्स बे कंपनीचे डॉक्टर विल्यम टॉड होते. साथीची कुणकुण लागताच त्यांनी आसपासच्या लोकांना देवीची लस टोचण्यास सुरुवात केली आणि इतरांनाही ती कशी टोचावी हे शिकवले. यात क्री मोठ्या संख्येने होते. त्यामुळे एकाच माळावर एक मित्र मोडून पडला आणि दुसरा बऱ्याच अंशी वाचला. पुढच्या काळात उरल्यासुरल्या असिनिबॉइन कुटुंबांपैकी अनेकांनी क्रींच्या छावण्यांचा आधार घेतला. मिश्र समूह वाढले. प्रसिद्ध क्री प्रमुख पियापॉट याचे अनुयायी असेच क्री-असिनिबॉइन होते. त्याला स्वतःला लहानपणी सू लोकांनी पळवून नेले होते आणि त्यांच्यातच तो वाढला होता. दोन्ही भाषा, दोन्ही रीती त्याला अवगत होत्या. संकटकाळी मित्राने मित्राला घरात घेतले, त्यातून ही सरमिसळ झाली होती. तिच्यावर कोणाचाही हुकूम नव्हता.

कराराचा कागद

१८७० साली हडसन्स बे कंपनीने हा अवाढव्य मुलूख नव्याने जन्मलेल्या कॅनडाच्या हवाली केला. किंमत ठरली तीन लक्ष पौंड. ज्यांची भूमी होती त्यांना कोणी विचारले नाही. १८७४ च्या सप्टेंबरमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या वतीने करार करण्यासाठी सरकारी आयुक्त फोर्ट कापेल येथे आले, तेव्हा एका प्रमुखाने कंपनीच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवून, विक्रीचे ते पैसे आम्हाला मिळाले पाहिजेत, असे भर सभेत सुनावले होते. विकणारा मालक नव्हता, हे त्या निरक्षर मानलेल्या माणसाला नेमके कळले होते.

१५ सप्टेंबर १८७४ रोजी झालेला हा 'चौथा करार'. सुमारे ७५,००० चौरस मैलांचा प्रदेश त्यात सामावला. बदल्यात पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल भूमी, माणशी वर्षाला पाच डॉलर, शाळा, शेतीची अवजारे आणि बी-बियाणे यांचे आश्वासन मिळाले. व्हाइट बेअर या प्रमुखाने पुढच्या वर्षी या कराराला मान्यता दिली. असिनिबॉइन समूहही त्यात आले. सही करणाऱ्या सरकारी आयुक्तांत डेव्हिड लेअर्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे.

१८७९ च्या सुमारास कॅनडाच्या माळावरून बायसन नाहीसे झाले आणि उपासमार सुरू झाली. तेव्हा पियापॉट आणि इतर क्री व असिनिबॉइन प्रमुखांनी सायप्रस टेकड्यांच्या परिसरात शेजारी-शेजारी भूमी मागितली. दोनशे वर्षांची सोयरीक होती, संकटात एकमेकांजवळ राहावे ही त्यांची इच्छा होती. सरकारने ती साफ नाकारली. एवढे लोक एकत्र राहिले तर त्यांच्यावर ताबा ठेवता येणार नाही, अशी आयुक्त एडगर ड्यूडनी यांना धास्ती होती. शिधा हेच शस्त्र झाले. येथून हलाल तरच अन्न मिळेल, अशी अट घालण्यात आली. १८८३ मध्ये तेथील फोर्ट वॉल्श हे पोलीस ठाणेच बंद करण्यात आले आणि भुकेलेल्या लोकांना उत्तरेकडे व पूर्वेकडे, एकमेकांपासून दूर पाठवण्यात आले.

ज्यांना एकत्र राहायचे होते, त्यांना १८८३ मध्ये सरकारने वेगळे केले. ज्यांना आपापल्या भूमीवर राहायचे होते, त्यांना त्याच सरकारने १९०१ मध्ये एकत्र केले. धोरण बदललेले दिसते, पण हेतू बदललेला नव्हता.

हाताने पेरा, हाताने कापा

मूस डोंगराच्या समूहांनी मिळालेल्या भूमीवर संसार थाटला. व्हाइट बेअरचे लोक डोंगरातील तळ्यांवर मासेमारी, शिकार आणि जुन्या रीतीवर अधिक विसंबून राहिले. सरकारी शेती-योजनेला आणि शाळेला न जुमानणारा हा प्रमुख अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याला पदावरून दूर करण्यात आले. त्याच्या लोकांच्या लेखी मात्र प्रमुख तोच राहिला.

असिनिबॉइनांच्या दोन समूहांची भूमी माळावरची, नांगराखाली येणारी होती. शेती करा, सुखी व्हा, असे सरकार सांगत होते. परंतु शेती करणाऱ्याच्या वाटेत याच सरकारने काटे पेरले. धान्य विकायचे तर सरकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागे. १८८५ च्या उठावानंतर राखीव भूमीबाहेर पाऊल टाकायचे तर 'पास' घ्यावा लागे, आणि या पासाला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. त्यावर कळस म्हणजे १८८९ पासून आयुक्त हेटर रीड यांनी राबवलेले धोरण. इंडियनांनी एकदम यंत्रयुगात उडी मारू नये, आधी युरोपातल्या जुन्या कुळवाड्यासारखे विळा-कोयत्याने काम करावे, असा त्यांचा सिद्धान्त. शेजारचा गोरा शेतकरी कापणीयंत्राने दिवसात शेत मोकळे करी आणि आपल्या कष्टाच्या पैशातून यंत्र घेऊ पाहणाऱ्या इंडियन शेतकऱ्याला ते मना होते. पुढे हेच अधिकारी म्हणू लागले की, इंडियन आळशी आहेत, एवढी जमीन त्यांना हवी कशाला?

भारतीय श्रोत्याला यात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. याच साम्राज्याने हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. तेथेही हजेरी होती, पास होता, वस्तीबाहेर जाण्यास बंदी होती. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला. भटक्या-विमुक्तांच्या पालांवर जाऊन काम करणाऱ्यांना त्या कायद्याचे व्रण आजही दिसतात. कॅनडातील हकीकत दूरची नाही.

१९०१

विसाव्या शतकाच्या तोंडावर मूस डोंगराच्या दक्षिणेला रेल्वे येऊन पोहोचली. रेल्वेबरोबर वसाहतवाले आले, जमिनीचे भाव वाढू लागले. फेझंट रंप आणि ओशन मॅन यांची भूमी दोन्ही मिळून चाळीस हजार एकरांहून अधिक होती आणि लोकसंख्या रोगराईने व दारिद्र्याने रोडावलेली. 'इंडियन कायद्या'नुसार अशी भूमी घ्यायची तर त्यासाठी मुद्दाम बोलावलेल्या सभेत समूहातील एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या बहुमताची संमती आवश्यक होती. १९०१ मध्ये ती कागदोपत्री मिळवण्यात आली. माणसे व्हाइट बेअरच्या भूमीवर हलवण्यात आली. विक्रीचे पैसे समूहाच्या नावे, पण सरकारच्या ताब्यातील खात्यात गेले. या वेळी प्रदेशाचे इंडियन आयुक्त होते तेच डेव्हिड लेअर्ड, ज्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी राणीच्या नावाने शब्द दिला होता.

एका घराचा सातबारा पुसला गेला तर त्या घरावर काय ओढवते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. येथे दोन संपूर्ण समाजांचा सातबारा पुसला गेला. त्याचबरोबर त्यांची नावेही गेली. सरकारच्या लेखी आता फेझंट रंप नव्हता, ओशन मॅन नव्हता.

कथा येथे संपत नाही. ही भूमी मोहोरबंद निविदा मागवून विकण्यात आली. मोठा भाग टोरांटोच्या ए. सी. बेडफर्ड-जोन्स या वकिलाच्या नावाने गेला. पुढे सरकार बदलले आणि टी. आर. फर्ग्युसन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. १९१५ च्या अहवालात सत्य बाहेर आले. वकील केवळ नावापुरता होता. खरे खरेदीदार तिघे होते. इंडियन खात्याचे तेव्हाचे उपप्रमुख जेम्स स्मार्ट, इमिग्रेशन खात्याचे अधिकारी आणि नंतर इंडियन खात्याचेच उपप्रमुख झालेले फ्रँक पेडली, आणि तिसरे विल्यम व्हाइट. ज्यांनी विश्वस्त म्हणून या लोकांचे रक्षण करायचे, त्यांनीच आडून ती भूमी घेतली आणि चढ्या भावाने विकून नफा मिळवला. पेडली यांनी १९१३ मध्ये राजीनामा दिला. भूमी मात्र मूळ मालकांकडे परत आली नाही.

तोंडाला कुलूप

अन्याय उघड झाला, मग या लोकांनी दाद का मागितली नाही? कारण दाद मागणेच अशक्य करून ठेवले होते. १९२७ मध्ये कायद्यात कलम घालण्यात आले की, भूमीच्या दाव्यासाठी इंडियनांकडून निधी गोळा करणे हा परवानगीवाचून गुन्हा आहे. वकील नेमायचा तरी कसा? धर्मावरही घाला होता. १८९५ च्या दुरुस्तीने उन्हाळ्यातील मोठ्या सूर्यनृत्याच्या विधीतील महत्त्वाचे भाग दंडनीय ठरले. याच विधीला क्री आणि असिनिबॉइन शतकानुशतके एकत्र जमत आले होते. मुलांना निवासी शाळांत नेण्यात येई. चर्चकडे सोपवलेल्या या शाळांत मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. कापेल खोऱ्यात १८८४ मध्ये सुरू झालेली अशी शाळा १९९८ मध्ये बंद झाली. या शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती ११ जून २००८ रोजी.

दाव्यांवरील आणि विधींवरील बंदी १९५१ मध्ये उठली. म्हणजे अर्धे शतक निघून गेले होते. १९०१ साली तरुण असलेले बहुतेक लोक तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते.

तरीही आठवण गेली नाही. व्हाइट बेअरच्या भूमीवर जन्मलेल्या, तेथेच लग्न झालेल्या, क्री आणि सोतो नातेवाइकांत वाढलेल्या असिनिबॉइन मुलांना घरातील वडीलधारी माणसे सांगत राहिली की, आपण ओशन मॅनचे, आपली भूमी पलीकडे होती. दप्तरात नसलेले नाव चुलीपाशी जिवंत राहिले. व्हाइट बेअरच्या लोकांचीही यात परीक्षा होती. त्यांच्या मर्यादित भूमीवर दोन समूह आणून बसवले होते. तळी तेवढीच, झाडी तेवढीच, खाणारी तोंडे अधिक. तरी त्यांनी पाहुण्यांना हाकलले नाही.

नावे परत येतात

१९७३ मध्ये न्यायालयाच्या एका महत्त्वपूर्ण निवाड्यानंतर कॅनडा सरकारने जुन्या दाव्यांचा विचार करण्याचे धोरण स्वीकारले. मूस डोंगरावरील दावा उभा राहिला. १९८६ मध्ये १९०१ सालच्या हस्तांतराबाबत तडजोड झाली आणि भरपाई मिळाली. १९९० च्या सुमारास ओशन मॅन आणि फेझंट रंप हे पुन्हा स्वतंत्र समाज म्हणून मान्य झाले. जुन्या भूमीच्या परिसरात त्यांनी नव्याने जमीन घेतली. आज ओशन मॅन स्टॉटन गावाच्या उत्तरेस आहे, फेझंट रंप किस्बीजवळ आणि व्हाइट बेअर कार्लाइलजवळ.

नव्वद वर्षांपूर्वी पुसलेली रेघ पुन्हा ओढणे म्हणजे नुसता विजयोत्सव नव्हे. जे नव्वद वर्षे एकाच अंगणात वाढले, त्यांनी आता कोणाच्या यादीत नाव घालायचे? आजोबा ओशन मॅनचे, आजी व्हाइट बेअरची. नातवाने कोठे जावे? अनेक घरांपुढे हा प्रश्न होता. व्हाइट बेअरमध्ये आजही क्री, सोतो, नकोटा आणि डकोटा अशा साऱ्यांचे वंशज आहेत. आणि जे गेले, त्यांची हानी भरून निघाली असेही नाही. नकोटा भाषा अस्खलित बोलणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. भूमी पैशाने पुन्हा घेता येते. भाषा तशी घेता येत नाही. ती मुलांच्या तोंडी पुन्हा बसवावी लागते आणि त्याला पिढ्या लागतात.

या इतिहासातून दिसते ते एवढेच. समाज एकत्र येतात आणि ते हितावहच असते. परंतु एकत्र येण्याची इच्छा त्या समाजांची असावी लागते आणि कोणाचेही नाव, भाषा, भूमी त्यात बुडता कामा नये. क्री आणि नकोटा यांनी दोनशे वर्षे असे ऐक्य जगून दाखवले. १९०१ साली सरकारने त्याच ऐक्याचे नाव घेऊन चाळीस हजार एकर भूमी मोकळी करून घेतली. कोणी दोन समाजांना एकत्र करावयास निघाला, तर त्यानंतर जमीन कोणाच्या नावे राहणार आहे, हे आधी पाहावे.

मूस डोंगराच्या माथ्यावरील दगडी चक्र अजून तेथेच आहे. त्याच्या आजूबाजूला तिन्ही समाजांची घरे आहेत. नावे तीन आहेत, पण लग्नकार्याला आणि मर्तिकाला माणसे एकमेकांकडे जातातच. ती सोयरीक सरकारने जोडली नव्हती, म्हणून सरकारच्या कागदाने ती तुटलीही नाही.